कावळ्याला दिलेला शब्द

७ डिसेंबर

आज गंगेवर योगेशची दशक्रिया झाली.

लिहायची मला सवय नाही. कंपनीकडून दरवर्षी डायरी मिळते आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि सांगण्यासारखा माणूस योगेशच होता. त्यालाही मी फार काही सांगायचो असं नाही. तो बोलायचा, मी ऐकायचो.

योगेश माझा धाकटा भाऊ. वय एक्केचाळीस. लग्न केलं नाही. सिडकोत आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायचा. दिवसा टीव्ही, अँप्लिफायर दुरुस्त करायचा आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. अटॅक आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

गुरुजींनी पाणी सोडायला सांगितलं तेव्हा माझा डावा हात पुढे गेला. गुरुजी म्हणाले, "उजवा, यजमान, उजवा." आई मागून म्हणाली, "लहानपणी फडकं बांधून ठेवलं होतं मी त्याच्या डाव्या हाताला. तरी नाय गेलं." सगळ्या लोकांसमोर म्हणाली. मी आता सत्तावन्न वर्षांचा आहे.

मग एका इच्छुक उमेदवाराने श्रद्धांजलीचं भाषण केलं. योगेशभाऊंच्या जाण्याने द्राक्ष बागायतदारांची मोठी हानी झाली असं ते म्हणाले. योगेशला द्राक्षं खाल्ली की खोकला व्हायचा.

पिंड ठेवले आणि कावळा येईना. शेजारच्या दोन्ही घरांच्या पिंडांना कावळा शिवला. आमच्या पिंडाकडे कावळे बघत होते आणि बघून दुसरीकडे तोंड करत होते. नामपूरचे पुंजामामा पुढे झाले. त्यांनी हात जोडून कावळ्याला सांगितलं, "योगेश, आईची काळजी करू नको. गोरख शे ना." गोरख म्हणजे मी. कावळा आला नाही. मामा म्हणाले, "तुझी मोटरसायकल कोणी विकणार नाय." नाही आला. ऑर्केस्ट्रातला त्याचा मित्र हर्षल म्हणाला, "तुझा अँप्लिफायर दादांच्या घरीच राहील, कुणाला देत नाही." तरी नाही.

गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. आई रडायला लागली. "दर्भाचा नको. खरा येऊ दे. त्याचं काहीतरी राहिलंय."

तेव्हा मी बोललो. का बोललो ते सांगता येत नाही. अगदी हळू म्हणालो, "योगेश, तुझी ती गिटार मी पूर्ण करतो."

कावळा सरळ येऊन पिंडावर बसला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मामा म्हणाले, "कोणती गिटार रे?"

मला एवढंच माहीत होतं की योगेश दोनेक वर्षं म्हणत होता, स्वतःच्या हाताने एक इलेक्ट्रिक गिटार बनवायची आहे. लाकूड आणलं होतं. पुढचं मी कधी विचारलं नाही.

मी तीस वर्षं अंबडला क्वालिटीत आहे. मी काही बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलेलं नापास करतो.

८ डिसेंबर

आईने सकाळी जाहीर केलं की वर्षश्राद्धाच्या आत गिटार झाली पाहिजे, नाहीतर योगेश मोकळा होणार नाही. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख याच महिन्यातली होती. ती म्हणाली, "त्याचं झाल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाय."

मी समजावलं. डॉक्टरांनी फोनवर समजावलं. आई म्हणाली, "कावळ्यानं ऐकलंय. गंगेवर ऐकलंय."

म्हणजे आता गिटार झाली नाही तर आईचे डोळे जाणार. आत्ताच तिला ताटातली भाजी कोणती ते खाल्ल्यावर कळतं.

उज्वलाने विचारलं, "अहो, तुम्ही कधी खिळा तरी ठोकलाय का?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला उत्तर माहीत आहे.

१५ डिसेंबर

योगेशच्या खोलीत एक खोकं मिळालं. त्यात गिटारची तयार मान, वायरी, तारा, पितळी स्क्रू, एक कातडी पट्टा आणि प्लायवुडचा साचा आहे. लाकूड मात्र कुठेच नव्हतं. दोन दिवस शोधलं. शेवटी आईनेच विचारलं, "सागाची जाड फळी म्हणतोस का? ती मी पिंपावर झाकण म्हणून ठेवलीय." त्या फळीवर लोणच्याची बरणी होती. बरणी उचलली तर खाली तेलाचा गोल डाग. धुतला, घासला, पण जात नाही.

साच्यावर योगेशच्या अक्षरात लिहिलंय, "ही बाजू वर". खाली दोन रेघा मारल्यात.

४ जानेवारी

साच्यात चूक आहे. इंटरनेटवर गिटारचे फोटो बघितले. प्रत्येक फोटोत वरचं शिंगासारखं लांब टोक एका बाजूला आहे, आपल्या साच्यात ते दुसऱ्या बाजूला आहे. मानेचंही तसंच. तारा पिळायच्या खुंट्या उलट्या बाजूला आहेत. साचा एक वेळ उलटा करता येईल, मान कशी करणार?

मान ज्या दुकानाने पाठवली त्यांना फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "सर, ऑर्डर केलं तेच पाठवलंय. आणि परत घ्यायची मुदत मागच्या वर्षीच संपली." मी म्हणालो, ऑर्डर करणाराही संपला. ती सॉरी म्हणाली. मला तसं म्हणायचं नव्हतं.

आमच्या कंपनीत गाडीच्या दरवाजाचे ब्रॅकेट जोडीने येतात, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा. एक आरशात बघितला की दुसरा. हा साचा तसा डाव्या बाजूचा वाटतो. म्हणजे योगेशच्या डोक्यात दोन गिटारी असणार. उजवी कुठेतरी असेल म्हणून मी माळा उपसला.

उज्वलाने खालून विचारलं, "काय शोधताय?"

"उजवी गिटार."

"डावी झाली का?"

२६ जानेवारी

सुट्टी होती. पंचवटीत सावळीराम म्हणून सुतार आहेत, देव्हारे बनवतात. आमचा देव्हारा त्यांनीच केला. त्यांनी दुकानात मला जागा आणि हत्यारं द्यायचं कबूल केलं. अट एकच, काही तुटलं तर त्यांच्या डोक्याला ताप नको आणि माझं बोट तुटलं तर मुळीच नको.

फळी बघून म्हणाले, "साहेब, साग चांगला आहे. यात छान देव्हारा होईल."

मी म्हणालो, गिटार करायची आहे.

"मग मधे हे खड्डे कशाला?"

मी म्हणालो, त्यात इलेक्ट्रिकचं सामान बसतं.

"म्हणजे लायटिंगचा देव्हारा," ते म्हणाले. त्यांच्या मनाचं समाधान झालं.

रंध्याचा पहिला हात मारला तर ढलपी निघायच्या ऐवजी रंधा अडकून मीच पुढे गेलो. सावळीराम म्हणाले, "डावखुरे आहात होय. त्या टोकाकडून या." त्या टोकाकडून गेल्यावर जमलं. मी लिहितो, जेवतो उजव्या हाताने, पण हत्यार हातात घेतलं की ते डाव्यातच जातं. आईने फडकं फक्त जेवणाच्या वेळी बांधलं असणार.

९ फेब्रुवारी

पुण्याहून तेजस्विनी आली आहे. आमची मुलगी, तिथे नोकरी करते. तिला साचा दाखवला आणि योगेशची चूक समजावून सांगितली. साचा पालथा घालून कापणार आहे, मान दुसरी मागवणार आहे, असं सांगितलं.

तिने साचा हातात घेतला. "ही बाजू वर" वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी पेन्सिलला टोक करत होतो, ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "पप्पा, नका बदलू. काकाने जसं ठेवलंय तसंच करा."

"पण चुकलंय."

"तुमच्या कंपनीत इन्स्पेक्टर ड्रॉइंग बदलतो का?"

इन्स्पेक्टर ड्रॉइंग बदलत नाही. हे तिला मीच शिकवलंय.

नंतर ती गच्चीवर जाऊन बराच वेळ बसली. उज्वला बघून आली आणि म्हणाली, रडतेय आणि हसतेयही. काकाची आठवण अजून ताजी आहे तिला.

साचा आहे तसाच ठेवायचा ठरवलं. चूक योगेशच्या नावावर.

२ मार्च

आज आकार कापला. करवत दोनदा रेघेच्या बाहेर गेली. एकदा आत गेली, ते वाईट. बाहेरचं घासता येतं. योगेश असता तर म्हणाला असता, दादा, डिझाइन आहे.

घरी आणून गच्चीवर घासत होतो. आई खुर्ची टाकून जवळ बसली होती. कठड्यावर एक पक्षी रोज येऊन बसतो. आई त्याला रोजचा अहवाल देते. "आज कापलं हां त्यानं. वाकडं कापलंय, पण कापलंय." पक्षी मान हलवतो. आई म्हणते, "ऐकतो बघ कसा."

तो पारवा आहे. आईला आता राखाडी आणि काळं यातला फरक दिसत नाही. मी घासत राहिलो.

२० एप्रिल

मान बसायची खाच केली. वर्निअरने मोजून केली. मान ठेवली तर इतकी बरोबर बसली की मी सावळीरामांच्या दुकानात तिथेच खाली बसलो. बाहेर लग्नाची वरात चालली होती. मला वाटलं ती आपल्यासाठीच आहे.

योगेशचा कातडी पट्टा लावून बघितला. त्याची भोकं आधीच पाडलेली आहेत. योगेश माझ्यापेक्षा वीतभर बुटका. हा पट्टा त्याने घातला असता तर गिटार पार मांड्यांवर आली असती. माप न घेता भोकं पाडली, दुसरं काय. पट्टा नापास केला.

३० जून

आज रिटायर झालो. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कामाला असताना वेळेवर जायचो तेव्हा घड्याळ दिलं असतं तर समजलं असतं.

साहेबांनी भाषणात विचारलं, "गोरक्षराव, आता पुढे काय?"

मी म्हणालो, "गिटार."

सगळा हॉल एकदम हसला. टाळ्याही पडल्या. शॉपमधले लोक येऊन सांगत होते की तीस वर्षांत तुम्हाला विनोद करताना पहिल्यांदा ऐकलं. मी खरं तेच सांगितलं होतं.

योगेशनेही मागच्या दिवाळीत हेच विचारलं होतं. "दादा, रिटायर झाल्यावर काय करणार तू?"

मी म्हणालो होतो, "बसेन."

"नुसता?"

"मग काय?"

त्या वेळी तो टेप घेऊन माझ्या खांद्यापासून कंबरेपर्यंत माप घेत होता. शर्ट शिवायचाय म्हणाला. शर्ट काही शिवला नाही. त्याचं असंच होतं, सुरू करायचं आणि सोडायचं.

घरी येऊन गच्चीवर बसलो. घड्याळ कुठे लावायचं यावर उज्वलाशी चर्चा झाली. त्यासाठी खिळा ठोकावा लागेल म्हणाली आणि सवयीने सुताराचा नंबर शोधायला लागली. मी उठलो आणि ठोकला. सरळ ठोकला. ती बराच वेळ त्या खिळ्याकडे बघत होती.

२२ जुलै

मान खाचेत जात नाही.

एप्रिलमध्ये बरोबर बसली होती. आज वर्निअर लावला तर खाच कमी भरते. वर्निअर खोटा असेल म्हणून कंपनीत जाऊन दुसरा घेतला. गेटवरच्या माणसाला वाटलं मला करमत नाही म्हणून आलो. दुसऱ्या वर्निअरनेही तेच दाखवलं.

सावळीरामांना फोन केला. ते म्हणाले, "पावसाळ्यात लाकूड फुगतं, साहेब. आमच्या देव्हाऱ्यांची दारं बघा, गणपतीपर्यंत एक उघडत नाही."

"मग माप कोणतं धरायचं?"

"तुम्हाला कोणतं पाहिजे?"

तीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रात्री जेवण गेलं नाही. सागावर माझा विश्वास होता.

२४ जुलै

घाई केली. दोन दिवस वाट बघायला पाहिजे होती, की दोन महिने, ते कुणी सांगत नाही. खाच घासून मोठी केली. मान बसली.

आईने पारव्याला सांगितलं, "मान बसली रे बाबा."

१२ ऑक्टोबर

ऊन पडलं, लाकूड आटलं आणि मान आता खाचेत खुळखुळते. हे मला कळायला पाहिजे होतं.

दिवसभर मान खाचेत घालून काढत बसलो. महिन्याभरावर वर्षश्राद्ध आलंय. आईने आज आमटीऐवजी ताक भातावर घेतलं आणि म्हणाली, आमटी आंबट झालीय. उज्वलाने माझ्याकडे बघितलं.

संध्याकाळी पुंजामामांना फोन लागला, ते देवळ्याच्या बाजारात कांदा घेऊन गेले होते. म्हणाले, "काय व्हयनं? आवाज का असा?" मी सांगितलं, मान हलते. मामा घाबरले. त्यांना वाटलं माझी मान. रात्रीच कुठलंतरी तेल घेऊन हजर झाले. गिटार दाखवल्यावर बराच वेळ बघत राहिले. मग ते तेल त्यांनी स्वतःच्या गुडघ्याला लावलं.

मामांनीच मग खाचेत सागाची पातळ चिपाटी सरकवून बघितली. कुऱ्हाडीच्या दांड्याला ते पाचर मारतात तशी. मान घट्ट झाली. क्वालिटीच्या कुठल्याही पुस्तकात ही पद्धत नाही. मी पास केलं.

२ नोव्हेंबर

पॉलिश झालं. लोणच्याच्या बरणीचा गोल डाग पॉलिशमधूनही दिसतो, उलट जास्तच दिसतो. सावळीराम म्हणाले, तिथे सूर्य कोरून देऊ का, नाहीतर मोर. नको म्हणालो.

वायरी योगेशच्या सोल्डरिंग गनने जोडल्या. पाचपैकी तीन सांधे नापास केले आणि परत केले. तारा चढवल्या. योगेशच्या अँप्लिफायरला जोडून बटण दाबलं. "घुंऽऽऽ" असा मोठा आवाज आला आणि थांबेचना. आई खालून जिना चढून आली. एरवी ती जिना चढताना तीनदा थांबते. दारात उभी राहिली आणि तिने हात जोडले.

"आला," म्हणाली.

मी तारेला हात लावला की आवाज थांबत होता, सोडला की परत सुरू. अर्थिंगची वायर राहिली असणार. ते आईला सांगितलं नाही. मी तसाच तारेवर हात ठेवून उभा राहिलो, सोडला, ठेवला. बराच वेळ.

८ नोव्हेंबर

अर्थिंग केलं. आता आवाज नाही. आई म्हणते, निजला असेल.

हर्षलला बोलावलंय. वर्षश्राद्धाच्या दिवशी गिटार त्यानेच वाजवायची. तेजस्विनीने मोबाइलवर तिचा, माझा आणि गिटारचा सेल्फी काढून त्याला पाठवला. त्याचा मेसेज आला, "दादा, भारी झालीय. फक्त सेल्फीमुळे फोटो उलटा आलाय." मी तेजस्विनीला विचारलं, यात काय उलटं आहे? आपण तर सरळ उभे आहोत. ती म्हणाली, "काही नाही, पप्पा. येऊ दे त्याला."

१६ नोव्हेंबर

आज वर्षश्राद्ध झालं. जसं झालं तसं लिहितो.

घरीच केलं. हात पुढे करायच्या आधी मी उजवा कोणता ते मनात ठरवून ठेवलं होतं. पान वाढून गच्चीवर ठेवलं. वडा, खीर, कढी, गवारीची भाजी. मी गिटार बाजूला पलंगपोसाखाली झाकून ठेवली होती. ठरलं असं होतं की कावळा आला नाही तर गिटार काढायची, दाखवायची, हर्षलने वाजवायची. मामांनी त्यांचंही एक भाषण तयार ठेवलं होतं.

मी पान ठेवून वळतोय तोच कावळा आला. खरा कावळा. त्याने वडा उचलला आणि समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर जाऊन खाल्ला. परत येऊन दुसरा नेला.

कुणाला काय करावं कळेना. मामांचं भाषण तसंच राहिलं. ते म्हणाले, "अरे, निदान गिटार तरी बघ." पण कावळा खिरीत चोच घालत होता. गिटारकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही.

आई म्हणाली, "झालं. माझं लेकरू मोकळं झालं. गोरख, आता माझी तारीख घे डॉक्टरची."

एवढं सगळं वर्षभर केलं आणि त्याची गरजच पडली नाही. मला वाईट वाटलं की बरं वाटलं ते ठरवता आलं नाही. मी पलंगपोस काढला आणि गिटार हर्षलच्या हातात दिली. म्हणालो, वाजव, आता काय.

हर्षलने ती मांडीवर घेतली आणि थांबला. फिरवून बघितली. परत फिरवली.

"दादा, फोटो उलटा नव्हता का?"

"कोणता फोटो?"

"ही डावखुऱ्याची आहे. मला नाही वाजवता येणार."

मी म्हणालो, हो, साच्यातच चूक आहे, योगेशची. पण मी ड्रॉइंग बदललं नाही.

हर्षल माझ्याकडे बघत राहिला. "दादा, योगेश उजवा होता. पंधरा वर्षं माझ्या शेजारी उभा राहून वाजवायचा तो. स्वतःसाठी अशी कशाला करेल?"

मी म्हणालो, मग कुणासाठी?

कढी गार होत होती. मामा माझ्या हाताकडे बघत होते. उज्वला बघत होती. मीही बघितलं. कढी वाढायला घेतलेली पळी माझ्या डाव्या हातात होती.

तेजस्विनी म्हणाली, "पप्पा, मला फेब्रुवारीतच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही केली असती? स्वतःसाठी तुम्ही आजपर्यंत काय केलंय ते सांगा."

मी आठवून बघितलं. तेवढ्यात आई म्हणाली, "फडकं बांधायला नको होतं मी." आणि पदर डोळ्याला लावला. मी म्हणालो, आई, डोळे चोळू नको, ऑपरेशन आहे.

हर्षलने पट्टा माझ्या खांद्यावर टाकला. मी नापास केलेला पट्टा. गिटार बरोबर पोटाशी येऊन थांबली. शर्टाचं माप होतं म्हणे ते.

मला काही वाजवता येत नाही. हर्षल म्हणाला, नुसती तार ओढा. मी डाव्या हाताने वरून खाली सगळ्या तारा एकदा ओढल्या. आवाज चांगला नव्हता, पण मोठा होता. कावळा उडून गेला. कठड्यावरचा पारवा मात्र हलला नाही.

मामा म्हणाले, "परत."

मी परत ओढल्या.

५ डिसेंबर

आईचं ऑपरेशन नीट झालं. आज पट्टी काढली. सकाळी काळा चष्मा लावून गच्चीवर आली, खुर्चीत बसली आणि कठड्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"गोरख, हा पारवा हाय."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग मी वर्षभर कुणाला सांगत होते?"

उज्वला कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "पोचलं असेल, आई. पारवेही निरोप नेतात म्हणे."

आईने मग गिटार मागितली. तिला ती आज पहिल्यांदा नीट दिसत होती. गोल डागावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही माझ्या बरणीची खूण." खूष झाली. करवत जिथे आत गेली होती तिथे बोट अडलं, ते तिने तसंच पुढे नेलं.

हर्षलने पहिला धडा दिलाय. तीन बोटं तीन ठिकाणी दाबायची. बोटांची सालं निघाली आहेत. उजव्या हाताची. तारा डाव्याने छेडायच्या. आवाज येतो त्याला अजून सूर म्हणता येणार नाही, मी स्वतःच नापास करतो आणि परत दाबतो. शेजारच्यांनी दोनदा खिडकी लावली, एकदा उघडली.

कंपनीतला एक जण संध्याकाळी भेटायला आला होता. जिन्यातूनच त्याने विचारलं, काय करता हल्ली?

बसतो, म्हणालो. मग गच्चीवर गेलो आणि बसलो. नुसता नाही.